नव्वद दिवस आणि एका परिच्छेदाचा प्रस्ताव

प्रति,
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, अभियोग संचालनालय
राज्यातील सर्व जिल्हा सरकारी वकील, तसेच खुनाच्या गुन्ह्यांचा तपास करणारे पोलीस अधिकारी

विषय: प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांवर उभ्या असलेल्या खुनाच्या खटल्यांत निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याच्या पद्धतीबाबत

महोदय / महोदया,

सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात आरोपींना निर्दोष सोडले की अपिलाचा प्रस्ताव वर जातो, आणि त्यातला मजकूर बहुतेकदा ठरलेला असतो. विद्वान न्यायाधीशांनी पुराव्याचे योग्य मूल्यमापन केलेले नाही, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार विश्वासार्ह आहेत, किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व दिले आहे, सबब अपील करणे आवश्यक आहे. आरोपींची नावे बदलली की हाच परिच्छेद पुढच्या खटल्यालाही लागतो. या परिच्छेदाच्या जागी काय हवे, ते किती दिवसांत हवे आणि कोणत्या खटल्यात प्रस्ताव पाठवूच नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी अपिलात काय दाखवावे लागते ते पाहू. पुरावा पुन्हा तपासण्याचा हायकोर्टाचा अधिकार शिक्षेविरुद्धच्या अपिलात जेवढा, तेवढाच सुटकेविरुद्धच्या अपिलात. प्रिव्ही कौन्सिलने 1934 मध्ये शिवस्वरूप खटल्यात हे सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या चंद्राप्पा निकालात त्याची पाच सूत्रांत मांडणी केली. पण त्याच सूत्रांत पुढे असेही आहे की निर्दोषत्वाचे गृहीतक मुळात असतेच, सुटकेच्या निकालाने ते आणखी घट्ट होते. आणि पुराव्यावरून दोन मते वाजवीपणे निघत असतील तर खालच्या कोर्टाने घेतलेले आरोपीच्या बाजूचे मत हायकोर्ट बदलत नाही, त्याचे स्वतःचे मत वेगळे पडले तरी. म्हणून साक्षीदारांवर विश्वास ठेवता आला असता, एवढे दाखवून भागत नाही. खालच्या कोर्टाने घेतलेले मत नोंदीवरच्या पुराव्यावरून घेताच येत नव्हते, हे दाखवावे लागते. ठरलेल्या परिच्छेदात याबद्दल एक अक्षरही नसते.

आपल्याच राज्यातला 1973 चा शिवाजी साहेबराव बोबडे खटला याला चांगला नमुना आहे. सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपींना हायकोर्टाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. संशयाचा फायदा देण्याच्या अतिरेकाबद्दल न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात चार शब्द सुनावले, म्हणून सरकारी वकील हा निकाल आवडीने वाचून दाखवतात. आरोपी ‘दोषी असू शकेल’ आणि ‘दोषी असलाच पाहिजे’ यांत लांबचे अंतर आहे, हे वाक्यही त्याच निकालातले. ते वाचायला बचाव पक्षाचे वकील असतातच.

आता काम. निकालपत्रात साक्षीदार नाकारण्याची जितकी कारणे आहेत, तितक्या ओळींचा तक्ता करा आणि त्याला चार रकाने ठेवा. पहिल्यात निकालाचा परिच्छेद क्रमांक आणि कारण, न्यायाधीशांच्या शब्दांत. दुसऱ्यात त्या मुद्द्यावरची साक्ष, साक्षीदार क्रमांक, निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाला कोर्ट देते तो) आणि परिच्छेदासह. सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न) आणि उलटतपास (विरुद्ध पक्षाचे प्रश्न) दोन्हीकडची. तिसऱ्यात ते कारण नोंदीशी जुळते की नाही. चौथ्यात, ते कारण चुकीचे ठरले तरी उरलेल्या कारणांवर निकाल उभा राहतो का. चौथा रकाना कुणी भरत नाही, आणि बरीचशी अपिले तिथेच पडतात. आठ कारणांपैकी पाच खोडून काढली आणि उरलेल्या तिनांतले एक जरी मुळावर घाव घालणारे असले, तर पाच खोडल्याचा काही उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पोलीस जबाबात न आलेल्या मजकुरावर. समजा घटना रात्री साडेनऊची, गल्लीच्या तोंडाशी. साक्षीदार कोर्टात सांगतो की खांबावरच्या दिव्याच्या उजेडात त्याने आरोपीच्या हातातला कोयता पाहिला. जबाबात दिव्याचा उल्लेख नाही. उलटतपासात विचारल्यावर तो म्हणतो, ‘मी सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही.’ निकालात येते: ही नंतर केलेली सुधारणा आहे, उजेड सिद्ध नाही, ओळख संशयास्पद.

इथे प्रस्ताव लिहिणाऱ्याने आधी तपासी अंमलदाराचा उलटतपास उघडावा. साक्षीदाराने असे सांगितले होते का, हे बचाव पक्षाने तपासी अंमलदाराला विचारले का? विचारले नसेल तर तो वगळलेला मजकूर सिद्धच झालेला नाही. पोलीस जबाब हा स्वतः पुरावा नव्हे. जुन्या संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 162 प्रमाणे (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 181) बचाव पक्षाला तो साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच वापरता येतो, तोही ठरलेल्या रीतीने. विसंगत वाक्य असेल तर तो भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा, ‘भाग अ’ अशी खूण करायची आणि तपासी अंमलदाराकडून शाबीत करून त्याला निशाणी क्रमांक घ्यायचा. पुष्कळ खटल्यांत खूण होते आणि निशाणी राहून जाते. कधी तर न्यायाधीश दोषारोपपत्रातला जबाब स्वतः उघडून कोर्टातल्या साक्षीशी ताडून पाहतात आणि त्यावर निकाल देतात. असे झाले असेल तर तुमच्या हातात त्या निकालातली सर्वांत कच्ची वीट आहे. ती परिच्छेद क्रमांकासह प्रस्तावाच्या पहिल्या पानावर यायला हवी.

वगळलेला मजकूर रीतसर शाबीत झाला असेल तर पुढचा प्रश्न त्याच्या वजनाचा. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की न सांगितलेली बाब महत्त्वाची आणि त्या संदर्भात प्रस्तुत असेल तरच ती विसंगती ठरते, आणि ती तशी आहे का हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. मग घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा काढा. खांब त्यात आहे का? खांबापासून प्रेताची जागा किती फुटांवर, साक्षीदार उभा होता ती जागा किती फुटांवर? त्या वेळी वीजपुरवठा सुरू असल्याचे महावितरणचे पत्र नोंदीवर आहे का? दुसऱ्या एखाद्या साक्षीदाराने दिव्याबद्दल सांगितले आणि त्याला त्यावर काहीच विचारले गेले नाही, असे आहे का? आरोपी आणि साक्षीदार लहानपणापासून एकाच गल्लीत राहत असतील आणि अंतर पाच-सहा फुटांचे असेल, तर ओळखीच्या माणसाला अंधुक उजेडातही ओळखता येते, हे कोर्टांनी वेळोवेळी मानले आहे. पण नकाशात खांब नाही, पत्र नाही आणि तपासी अंमलदाराने उलटतपासात ‘उजेडाबाबत मी तपास केला नाही’ असे कबूल केले आहे, अशी स्थिती असेल तर न्यायाधीशांचे कारण टिकणारे आहे. तिसऱ्या रकान्यात ते तसेच लिहा. हायकोर्टातल्या सरकारी वकिलाला ते सुनावणीच्या दिवशी खंडपीठाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून आधी कळलेले बरे.

नातेवाईक साक्षीदार म्हणून साक्ष नाकारली असेल तर उत्तर सोपे आहे आणि जुने आहे. जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराध्याला गुंतवण्याची शक्यता सहसा कमी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये दलीप सिंग खटल्यात सांगितले. एकमेव साक्षीदार असेल तर 1957 चा वडिवेलू तेवर निकाल आहे. साक्षीदारांची संख्या मोजायची नाही, प्रत पाहायची. या दोन मुद्द्यांवर पानेच्या पाने खर्च करू नका. निकालात फक्त ‘नातेवाईक’ म्हटले आहे, की नाते आणि जुने वैर आणि जबाबाला चार दिवसांचा उशीर असे सगळे मिळून म्हटले आहे, एवढे मात्र पाहा. दुसऱ्या प्रकाराला 1953 चा दाखला पुरत नाही. उशिराबद्दल तपासी अंमलदाराला उलटतपासात खुलासा विचारला होता का, हे तिथे शोधावे लागते. विचारलाच नसेल तर उशिराचा फायदा बचाव पक्षाला सहज मिळू नये.

वैद्यकीय पुराव्याशी विसंगती हे दुसरे नेहमीचे कारण. साक्षीदार कुऱ्हाडीचा वार म्हणतो आणि शवविच्छेदन अहवालात कडा फाटलेल्या, ठेचलेल्या जखमा आहेत. वैद्यकीय पुरावा प्रत्यक्षदर्शीची हकिगत पूर्णपणे अशक्य ठरवत असेल तरच तो वरचढ ठरतो, हे 2010 च्या अब्दुल सईद निकालात पुन्हा सांगितले गेले. पण हे तत्त्व लावायला डॉक्टरांची साक्ष तशी हवी. कोर्टात डॉक्टरांना हत्यार दाखवले होते का? कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने अशी जखम होऊ शकते का, असे सरतपासात किंवा फेरतपासात (उलटतपासानंतरच्या प्रश्नांत) विचारले होते का? विचारलेच नसेल तर अपिलात ‘उलट्या बाजूचा वार असावा’ हा वकिलाचा तर्क उरतो. वारांच्या संख्येतला फरक यापेक्षा हलका आहे. मारहाण पाहणारा माणूस वार मोजत उभा राहत नाही, आणि साक्षीदाराने चार सांगितले व जखमा सात निघाल्या एवढ्यावर साक्ष नाकारली असेल तर त्याला थेट उत्तर देता येते.

फिर्याद मागाहून रचली असा निष्कर्ष असेल तर चार गोष्टींची वेळ एकाखाली एक लिहा: घटनेची, स्टेशन डायरीतल्या पहिल्या नोंदीची, गुन्हा दाखल झाल्याची, आणि प्रथम खबरीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचल्याची. शेवटची वेळ दंडाधिकाऱ्यांच्या सहीजवळ असते, आणि ती कुणी पाहत नाही. जखमीला आधी दवाखान्यात नेले असेल तर तिथल्या नोंदवहीत हल्लेखोराचे नाव कुणी काय सांगितले, तेही. मरणोत्तर पंचनाम्यात आरोपीचे नाव नाही एवढ्यावर निकाल असेल तर तो चुकतो. त्या पंचनाम्याचा हेतू मृत्यूचे दिसणारे कारण नोंदवण्यापुरता असतो, आणि हे 1975 पासून ठरलेले आहे.

आरोपी अनोळखी असेल तर सगळा भार ओळख परेडवर येतो, म्हणजे इतर माणसांत उभ्या केलेल्या आरोपीला साक्षीदाराने ओळखण्यावर. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये एका संशयितासाठी किमान अर्धा डझन आणि दोघांसाठी दहा-बारा माणसे उभी करावीत, असे आहे. परेडच्या आधी आरोपीला तोंड उघडे ठेवून कोर्टात आणले असेल किंवा त्याचा फोटो छापून आला असेल तर परेड गेली, आणि अपिलात ती परत आणता येत नाही. ज्येष्ठ वकिलाला उभे करून यात फरक पडत नाही.

गावातल्या भांडणांतून झालेल्या खुनांत आरोपी बारा-पंधरा असतात आणि साक्षीदार म्हणतात, ‘सगळ्यांनी मारलं.’ इथे तक्ता आरोपीनिहाय करावा लागतो. कोणत्या साक्षीदाराने कोणत्या आरोपीच्या हाती कोणते हत्यार असल्याचे सांगितले, कोणत्या जखमेशी ते जुळते, आणि पोलीस जबाबातही तेच होते का. मोठ्या जमावाच्या खटल्यात किमान दोन साक्षीदारांची सुसंगत साक्ष असावी, ही खबरदारी 1964 च्या मसाल्ती निकालापासून कोर्टे घेत आली आहेत. ज्यांच्याविरुद्ध फक्त मोघम विधान आहे त्यांच्याविरुद्ध अपील करू नका. पंधरांविरुद्ध केलेल्या अपिलात हायकोर्टाला मोघमपणा आधी दिसतो आणि ठळक भूमिका असलेले दोघेही त्याच्या आडोशाने सुटतात.

न्यायाधीशांनी साक्षीदाराला समोर पाहिले, हायकोर्टाने फक्त कागद वाचला, हा युक्तिवाद बचाव पक्ष करणारच. साक्षीदाराच्या हावभावांबद्दल न्यायाधीशांना महत्त्वाचे काही वाटले तर ते नोंदवावे, असे संहितेत आहे (जुने कलम 280, नवे 315). साक्षीच्या कागदावर अशी नोंद आहे का ते पाहून प्रस्तावात लिहा. नोंदच नसेल, आणि बहुतेकदा ती नसते, तर त्या युक्तिवादाचे वजन बरेच उतरते.

काही खटल्यांत अपील करू नये. प्रत्यक्षदर्शी फितूर झाले, सरकारी वकिलाच्या उलटतपासातही काही निघाले नाही आणि उरला फक्त हत्याराच्या जप्तीचा पंचनामा, अशा निकालावर अपील म्हणजे कागदाचा खर्च आहे. आणि वर्षानुवर्षे कोठडीत राहून सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी काही वर्षे टांगती तलवार. अपिलात जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे (जुने कलम 391, नवे 432), पण ती तपासातली भोके बुजवण्यासाठी नाही. अशा खटल्यासाठी दुसरी वाट सर्वोच्च न्यायालयाने 7 जानेवारी 2014 च्या किशनभाई निकालात घालून दिली आहे: पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची कायम समिती, प्रत्येक सुटकेची छाननी, चूक तपासाची की खटला चालवण्याची याचा निर्णय, चुकलेल्यांवर विभागीय कारवाई आणि त्या चुकांवरून प्रशिक्षणाचा मजकूर. वरचा तक्ता या समितीसमोरही जसाच्या तसा ठेवता येतो. ‘अपील नको’ हे मत कारणांसह दिले गेले तर ते देणाऱ्या सरकारी वकिलाकडे संशयाने पाहिले जाऊ नये, ही विभागाला विशेष विनंती. आज ‘अपील करावे’ लिहिणे सुरक्षित आहे, म्हणून सगळे तेच लिहितात.

आता दिवस. राज्याच्या अपिलाला निकालापासून 90 दिवस आहेत, मुदत कायद्याच्या अनुच्छेद 114 प्रमाणे. प्रमाणित प्रत मिळायला लागणारा काळ त्यातून वजा होतो, पण अर्ज केल्यापासून प्रत तयार होईपर्यंतचाच. प्रत तयार होऊन नक्कल विभागात पडून राहिली तर ते दिवस तुमचेच गेले. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशी, आणि प्रत कधी तयार होते यावर पैरवी अंमलदाराची (कोर्टातली कामे पाहणाऱ्या पोलिसाची) नजर. पहिल्या 15 दिवसांत तक्ता, 30 दिवसांत पोलीस अधीक्षकांचा प्रस्ताव आणि सरकारी वकिलांचे मत एकत्र, 45 व्या दिवसापर्यंत विभागाचा निर्णय. असे धरले तरच हायकोर्टातल्या सरकारी वकिलाला साक्षी वाचून मसुदा करायला महिनाभर मिळतो. हे आकडे कायद्यातले नाहीत, कामाच्या अंदाजाने ठरवलेले आहेत. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हे कारण विलंब माफीच्या अर्जात आता चालत नाही. 2012 च्या पोस्टमास्टर जनरल निकालापासून सर्वोच्च न्यायालय सरकारी विलंबाबाबत कडक झाले आहे. नव्या संहितेच्या कलम 20 ने दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत अपिलाबाबत मत देणे हे संचालकांचे काम ठरवले आहे, तेव्हा प्रत्येक टप्प्याची तारीख संचालनालयात नोंदली जावी.

राज्याला हायकोर्टाची परवानगी लागते (जुने कलम 378, नवे 419). त्या टप्प्यावर शिक्षा होईलच हे दाखवायचे नसते, विचार करण्याजोगे मुद्दे आहेत एवढे दाखवायचे असते, आणि परवानगी नाकारताना हायकोर्टाने कारणे द्यावीत, हे आपल्या राज्यातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले. तक्त्यातली सर्वांत भक्कम तीन कारणे परवानगीच्या अर्जाच्या पहिल्या दोन पानांत यावीत. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या फाइली 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. त्या चुकून मुंबईला पाठवून आठवडा घालवू नये.

आणि मृताचे घरचे. 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला, म्हणजे वारसांनाही, सुटकेविरुद्ध स्वतःचे अपील करता येते (जुन्या कलम 372 चे परंतुक, आता 413), आणि त्याला परवानगी लागत नाही, हे 2018 च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालाने पक्के केले. अपील करणारा मध्येच वारला तर त्याचे वारस ते पुढे चालवू शकतात, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. परंतुकात मुदत लिहिलेली नाही, तेव्हा घरच्यांनी 60 दिवसांच्या आत दाखल करणे सुरक्षित. त्यांच्याकडून पुनरीक्षण अर्ज (खालच्या कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टाने तपासावा, असा अपिलाहून वेगळा अर्ज) करून घेऊ नका. पुनरीक्षणात सुटकेचे रूपांतर शिक्षेत करता येत नाही. बायको, आई, मुलगी अपील करणार असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्री म्हणून तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. हे सगळे निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तोंडी सांगून उपयोग नाही, त्या दिवशी कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. आठवडाभरात एक पानाचे मराठी पत्र घरी जावे: खटला क्रमांक, निकालाची तारीख, नक्कल कुठे मिळेल, अपिलाची मुदत, हायकोर्टाच्या विधी सेवा समितीचा पत्ता, आणि सरकार अपील करणार की नाही ते कोणत्या तारखेपर्यंत कळवले जाईल.

दाखल झाल्यावरची दोन कामे नेहमी राहून जातात. निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमाल अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावा, असा आदेश बहुधा असतो. अपील करायचे ठरले की त्याच दिवशी सत्र न्यायालयाच्या निबंधकांना आणि मुद्देमाल कारकुनाला लेखी कळवा आणि पोच घ्या. हत्यार आणि कपडे गेल्यावर डॉक्टरांना ते पुन्हा दाखवण्याची वेळ आली तर दाखवायला काही उरत नाही. दुसरे, सुटलेल्या आरोपीने वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी दिलेला जातमुचलका सहा महिनेच चालतो (जुने कलम 437अ, नवे 481). त्यानंतर माणूस गाव सोडतो, नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि दाखल झालेले अपील तिथेच अडकते. सहा महिने संपण्याआधी पोलीस ठाण्याने प्रत्येक प्रतिवादीचा आणि त्याच्या जामीनदाराचा चालू पत्ता खातरजमा करून हायकोर्टातल्या सरकारी वकील कार्यालयाला पाठवावा, आणि अपील निकाली निघेपर्यंत दर सहा महिन्यांनी तो ताजा करावा.

आपले,
फौजदारी अपिलांचे काम करणारे काही वकील